ओव्हर घेताना पेन हातात: एडीएचडी असलेल्या नर्सची ड्यूटी, टप्प्याटप्प्याने

संध्याकाळचे सहा वाजले होते. मेल मेडिकल वॉर्ड, बेड नंबर ११, सेफ्ट्रिअॅक्सोन या अँटिबायोटिकचा डोस. मी दिला. सही करायला पेन काढलं, तेवढ्यात समोरच्या बेडचे नातेवाईक आले, सलाइन संपली म्हणून. तिथे गेले तर फोन वाजला. फोनवर लॅब, लॅबचा रिपोर्ट सांगायला आरएमओ (ड्यूटीवरचे डॉक्टर), आरएमओंनी लगेच एक नवी अॅडमिशन घ्यायला सांगितली. साडेआठला नाईटच्या सिस्टरने ट्रीटमेंट शीट बघितली. सहाच्या डोससमोर सही नाही. तिने इंजेक्शन भरलं आणि बेडपाशी गेली. आजोबाच म्हणाले, "अहो, मघाशी त्या उंच सिस्टर देऊन गेल्या की!"

आजोबा शुद्धीवर होते म्हणून निभावलं. त्याच वॉर्डात त्या रात्री दोन पेशंट असे होते की ज्यांना काहीच सांगता आलं नसतं.

त्यानंतर चार महिन्यांनी, वयाच्या ३१व्या वर्षी, मला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणं आणि उतावळेपणा आवरणं अवघड जाणारी मेंदूची ठेवण, असल्याचं निदान झालं. आज या कामात बारावं वर्ष चालू आहे. राहते ठाण्यात कोपरीला, ड्यूटी नवी मुंबईतल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये. हा लेख माझ्यासारख्या सिस्टर आणि ब्रदर लोकांसाठी आहे. निदान झालेल्यांसाठी, आणि 'आपलंच असं का होतं' या प्रश्नाशी अडकलेल्यांसाठीही.

आधी माझं मत सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं कुठून येतंय ते कळेल. नर्सिंग स्कूलमध्ये घोकून घेतलेले ते रटाळ नियम आठवा. बरोबर पेशंट, बरोबर औषध, बरोबर डोस, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. दिल्याबरोबर सही. फोनवरची ऑर्डर लिहून परत वाचून दाखवणे. हे नियम माणूस विसरतो हे धरूनच केलेले आहेत. बाकीच्या सिस्टर त्यांत शॉर्टकट मारतात आणि बहुतेक वेळा त्यांचं खपून जातं. आपलं खपत नाही. आपल्याला वेगळं अॅप किंवा महागडी डायरी लागत नाही. जे शिकवलं होतं ते शब्दशः पाळायचं, एवढंच आहे. पण ते कसं पाळायचं यात गोम आहे.

निदानाचं आधी बघा

इन्स्टाग्रामवरच्या रील बघून 'मला पण आहे' असं वाटणं सोपं आहे. वॉर्डात तर प्रत्येकीलाच वाटेल, कारण तीन नाईट सलग केल्यावर कोणाचंही डोकं तसंच चालतं. फरक लहानपणात असतो. मानसिक विकारांच्या निदानाच्या डीएसएम-५ या निकषांनुसार लक्षणांपैकी काही तरी वयाच्या १२ वर्षांआधी दिसायला हवीत, आणि ती एकाच ठिकाणी नव्हे तर घर, शाळा, काम अशा दोन-तीन ठिकाणी. सतरा वर्षांच्या पुढच्या माणसात लक्ष न लागण्याच्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच, किंवा चंचलता-उतावळेपणाच्या नऊपैकी किमान पाच, लागतात.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना शाळेचं प्रगतिपुस्तक शोधून न्या. माझ्या चौथीच्या पुस्तकात बाईंनी लिहिलंय, 'हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते. डबा व छत्री वारंवार विसरते.' आईला ते वाचून हसू आलं. डॉक्टरांनी त्याची झेरॉक्स फाइलला लावली. मुलींमध्ये उड्या मारणं कमी आणि स्वप्नात हरवणं जास्त असतं, त्यामुळे 'वेंधळी' या एका शब्दात आपली शाळा संपून जाते.

जायचं कुठे? मानसोपचारतज्ज्ञांकडे, म्हणजे सायकियाट्रिस्टकडे. ठाण्यात १९०१ सालापासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि त्याची ओपीडी चालते. नावाला घाबरू नका, ओपीडीत बसलेली निम्मी माणसं तुमच्या-माझ्यासारखी नोकरीवरून आलेली असतात. कळवा, नेरूळ, कामोठे इथल्या मेडिकल कॉलेजांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. कुठून सुरुवात करावी हेच सुचत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःच्या हॉस्पिटलमध्ये दाखवायचं की बाहेर, हा निर्णय तुमचा. मी बाहेर गेले. कॅन्टीनमध्ये समोर बसणाऱ्या डॉक्टरांना मला हे सांगायचं नव्हतं.

जाण्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. आणि नाईट करून थेट अपॉइंटमेंटला जाऊ नका. एक आठवडा त्यातल्या त्यात नीट झोप झाल्यावर जा, नाहीतर डॉक्टरांना तुमचा एडीएचडी दिसतोय की तुमची रोटा (ड्यूट्यांचं वेळापत्रक), हे त्यांनाही कळणार नाही.

औषधाबद्दल थोडं, कारण आपण औषधवाले लोक आणि आपल्यालाच जास्त मोह होतो. मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक गटातलं औषध शेड्यूल एक्समध्ये येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक मेडिकलवाला ठेवून घेतो, आणि त्याच्याकडे त्यासाठी वेगळा परवाना असावा लागतो. म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेलच असं नाही, एखादं दुकान आधीच हेरून ठेवा आणि शेवटची गोळी संपायच्या आठवडाभर आधी जा. साधी गोळी तीन-चार तास चालते, लांब पल्ल्याची आठ ते बारा. नाडी आणि बीपी वाढू शकतं, भूक मरते, उशिरा घेतली तर झोप उडते. अॅटोमोक्सेटिन उत्तेजक नाही, पण त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात. पहिल्या दहा दिवसांत 'काहीच होत नाही' म्हणून बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा.

डॉक्टरांना तुमची खरी रोटा दाखवा. फोटो काढून दाखवा. 'सकाळी नाश्त्यानंतर एक' असं लिहिलेली चिठ्ठी नाईट ड्यूटीवाल्या बाईच्या काय कामाची? सकाळची ड्यूटी, दुपारची आणि नाईट, तिन्हींसाठी कधी घ्यायची ते त्यांच्याकडून लिहून घ्या. आणि वॉर्डच्या स्टॉकमधली, पेशंटची उरलेली, मैत्रिणीची, कुठलीच गोळी कधीही नाही. यात चर्चेला जागा नाही.

ओव्हर

ओव्हर म्हणजे आधीच्या ड्यूटीच्या सिस्टरकडून पेशंटची माहिती ताब्यात घेणं. ड्यूटीची सगळी लढाई पहिल्या वीस मिनिटांत जिंकली किंवा हरली जाते. ओव्हर देणारी सिस्टर थकलेली असते, तिची नजर घड्याळाकडे, ती भराभर बोलते. आपण मान हलवतो. मान हलवताना खरंच वाटतं की सगळं कळलं. पाच मिनिटांनी बेड चारचा ड्रेन (जखमेतला स्राव काढणारी नळी) आठवतो पण तो चारचा की सहाचा ते आठवत नाही.

माझी पद्धत अशी. घरून एक ए-फोर कागद आडव्या रेघा मारून आणते. महिन्याच्या तीस झेरॉक्स एकदम काढून ठेवते. डावीकडे बेड नंबर, पेशंटचं नाव, आयपी नंबर आणि निदान. मग ड्यूटीच्या प्रत्येक तासाला एक रकाना: दुपारच्या ड्यूटीला दोन, तीन, चार, असे आठपर्यंत. शेवटी एक रुंद रकाना, 'बाकी'. ओव्हर ऐकताना जे जे ठरावीक वेळेला करायचं आहे ते त्या तासाच्या रकान्यात लिहायचं आणि पुढे छोटा रिकामा चौकोन काढायचा. काम झालं की चौकोन भरायचा. टिक नाही, पूर्ण काळा करायचा, कारण घाईतली टिक आणि घाईतली फुली सारखीच दिसते.

काही बारकावे, जे मला चुकत चुकत कळले:

ओव्हर बेडपाशीच घ्या, नर्सिंग स्टेशनवर नको. पेशंट डोळ्यांसमोर असला की आपलं डोकं पकडून ठेवतं. तिथेच कॅन्युला बघा, तारीख बघा, पंपाचा रेट स्वतः वाचा, कॅथेटरची पिशवी आणि ड्रेन बघा. 'पंप पाच एमएलवर आहे' हे ऐकलेलं आणि पंपावर पाच दिसलेलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

देणाऱ्या सिस्टरला एक क्रम लावून द्या. आधी पेशंट कोण आणि आत्ता काय चाललंय, मग मागचं थोडं, मग तिने काय पाहिलं, मग मी काय करायचं. हॉस्पिटलमध्ये याला एस-बार म्हणतात. ती भरकटली तर शांतपणे 'आणि मी काय करायचं?' एवढं विचारा. हा एकच प्रश्न तुमचा निम्मा ताण कमी करेल.

शेवटी तुम्ही वाचून दाखवा. 'सहा नंबरला सात वाजता इन्सुलिन, आठ नंबरला रात्री केयूबी (पोटाचा एक्स-रे), बारा नंबर एनबीएम (तोंडाने काही द्यायचं नाही).' पहिल्यांदा तिला राग येईल. दुसऱ्या आठवड्यात ती स्वतः थांबेल. माझ्या वॉर्डात आता दोघी-तिघी तसंच करतात आणि त्यांना एडीएचडी नाही.

हा कागद म्हणजे रेकॉर्ड नव्हे. त्यावर पेशंटची नावं असतात, त्यामुळे निघताना फाडून श्रेडरमध्ये किंवा हॉस्पिटल सांगेल तिथे. घरी नेऊ नका. आणि युनिफॉर्मवर मायक्रोपोरची पट्टी लावून त्यावर बीपी लिहायची सवय असेल तर सोडा. मी एकदा सहा पेशंटची व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप) धुवायला टाकली आहेत. हातावर लिहिणं तर नकोच, तो इन्फेक्शन कंट्रोलचाही प्रश्न आहे.

औषधांची ट्रॉली

इथे मी जरा जास्त थांबणार आहे.

२०१० साली सिडनीच्या दोन रुग्णालयांत ९८ नर्सेसना औषधं देताना निरखून एक अभ्यास झाला होता. औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययागणिक क्लिनिकल चुकांचं प्रमाण सुमारे १२ ते १३ टक्क्यांनी वाढत होतं. म्हणजे साधी माणसंही व्यत्ययाने चुकतात. आपल्याला तर व्यत्यय आणायला बाहेरचं कोणी लागतच नाही, आपलं डोकं स्वतःच आणतं.

एक पेशंट, एक ट्रे, एक फेरी. चार पेशंटची इंजेक्शनं एकदम भरून, ट्रेमध्ये ओळीने लावून नेणं वेगवान वाटतं. आपल्यासाठी ते बंद. एकाची शीट उघडायची, त्याचंच औषध काढायचं, भरायचं, त्याच्यापाशी जायचं, नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, मनगटाचा पट्टा बघायचा, द्यायचं, तिथेच सही. मग दुसऱ्याची शीट. पंधरा पेशंटना यात फार तर पंचवीस मिनिटं जास्त लागतात, असा माझा अनुभव. त्या सेफ्ट्रिअॅक्सोननंतर भरलेल्या इन्सिडेंट फॉर्मला तीन तास लागले होते.

लेबल तीनदा वाचायचं: उचलताना, भरताना, व्हायल टाकण्याआधी. मनात नाही, ओठ हलवून. मला माझा स्वतःचा आवाज ऐकू आला तरच माझं लक्ष तिथे असतं. डोपामिन आणि डोब्युटामिन शेजारी ठेवलेले असतील तर इनचार्जला सांगून वेगळे करून घ्या. सारखी दिसणारी, सारखी ऐकू येणारी औषधं वेगळी ठेवायचीच असतात, तुम्ही काही खास सवलत मागत नाही.

व्यत्ययाचा नियम: औषध हातात असताना कोणी बोलावलं तर दोनच पर्याय. एक, 'हातात औषध आहे, देऊन आले' असं मोठ्याने सांगायचं आणि द्यायचं. दोन, खरंच जीवघेणी वेळ असेल, कोड ब्लू (कोणाचं हृदय बंद पडल्याची हाक) असेल, तर भरलेलं सगळं टाकून जायचं आणि आल्यावर पहिल्यापासून. 'अर्धं झालं होतं, तिथून पुढे' हा तिसरा पर्याय आपल्याला नाही. माझ्या सगळ्या जवळजवळ-चुका या तिसऱ्या पर्यायातून झाल्यात.

नातेवाइकांना हे सांगायची एक पद्धत असते. 'थांबा ना!' म्हटलं की ते इनचार्जकडे जातात. 'काका, या पेशंटचं औषध हातात आहे, दोन मिनिटांत तुमच्याकडेच येते' म्हटलं की थांबतात. आणि मग खरंच जा. ते 'बाकी'च्या रकान्यात लिहून ठेवा, नाहीतर तुम्ही विसरणार आणि पुढच्या वेळी काका थांबणार नाहीत.

इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराइड: यांच्यासाठी दुसरी सिस्टर बोलवायची. ती बिझी असली तरी. आपल्याकडे इन्सुलिन ४० युनिट प्रति एमएल आणि १०० युनिट प्रति एमएल अशा दोन्ही ताकदींत येतं. ४०ची सिरिंज लाल टोपीची, १००ची केशरी टोपीची. १००चं इन्सुलिन चुकून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट डोस जातो. म्हणून मी टोपी आणि व्हायल एकत्र धरून दुसरीला दाखवते आणि तिच्याकडून आकडा बोलून घेते. पोटॅशियम क्लोराइड कधीच सरळ शिरेत नाही, नेहमी पातळ करून, हे शिकवलेलं असतंच. पण सकाळी सव्वाचारला ते स्वतःला पुन्हा सांगावं लागतं.

सही दिल्यानंतर. आधी नाही, 'सगळ्या एकदम' नाही. पेन गळ्यात दोरीला लावा. माझी अर्धी विसरलेली सही पेन शोधण्यात विसरली गेली होती.

वेळ नावाचं प्रकरण

एडीएचडीमध्ये वेळ दोनच प्रकारची असते: आत्ता, आणि आत्ता नाही. अर्ध्या तासाने बीपी घ्यायचं म्हणजे आपल्यासाठी 'आत्ता नाही', म्हणजे कधीच नाही.

बऱ्याच वॉर्डांत मोबाइल चालत नाही आणि मनगटी घड्याळही इन्फेक्शन कंट्रोलमुळे नको म्हणतात. त्यामुळे युनिफॉर्मला पिनेने लावायचं घड्याळ आणि खिशात एक छोटा थरथरणारा टायमर. स्वयंपाकघरात वापरतात तसलाच चालतो, आवाज बंद करता येणारा घ्या. नेण्याआधी इनचार्जला दाखवा.

तो कशाला लावायचा? सगळ्याला नाही, नाहीतर दिवसभर थरथरत राहील आणि तुम्ही तो बंद करायला शिकाल. ज्याला उशीर झाला तर माणसाला त्रास होईल अशा तीन-चारच गोष्टींना. रक्त चढवताना पहिली १५ मिनिटं तर हलायचंच नाही, पेशंटपाशीच थांबायचं. त्यानंतर टायमर. रक्तपेढीतून पिशवी बाहेर आल्यापासून अर्ध्या तासात सुरू आणि चार तासांत संपलेली हवी, म्हणून पिशवी हातात आल्याची वेळ आधी लिहायची. मग पोस्ट-ऑप पेशंटचं दर अर्ध्या तासाचं बीपी. मग हायपो झालेल्या, म्हणजे साखर फार उतरलेल्या पेशंटची पुन्हा साखर. बस.

नोंदी

नोंदी म्हणजे आपलं मरण. मला पेशंटशी दोन तास बोलता येतं, नर्सेस नोट्सच्या आठ ओळी लिहिता येत नाहीत.

दोन गोष्टी चालतात. ड्यूटीचे तीन तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी आतापर्यंतचं लिहून टाका, शेवटी डोंगर ठेवू नका. आणि एकटीने लिहू नका. दुसरी कोणी लिहायला बसली की तिच्या शेजारी जाऊन बसा. गप्पा नाहीत, नुसतं शेजारी. का चालतं ते मला नीट सांगता येणार नाही, पण चालतं. दहावीला मी आईच्या शेजारी, ती तांदूळ निवडत असताना अभ्यास करायचे, तेच हे.

राहून गेलेली नोंद नंतर केली तर 'उशिरा केलेली नोंद' असं लिहून खरी वेळ टाका. मागची वेळ टाकून जुळवाजुळव करू नका. चूक माफ होते, जुळवलेली वेळ होत नाही.

नाईट, लोकल आणि डबा

खूप जणींना नाईट मानवते. वॉर्ड शांत, राऊंड नाही, नातेवाईक एकच. एडीएचडी असलेल्या बऱ्याच जणांचं शरीराचं घड्याळही मुळातच उशिराचं असतं. त्रास होतो तो सकाळ-दुपार-नाईटच्या खिचडीने. जमलं तर नाईट एकत्र मागून घ्या. दोन मॉर्निंग, एक नाईट, एक ऑफ, परत ईव्हनिंग, असल्या रोटाने माझं डोकं आठवडाभर ताळ्यावर येत नाही. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस तर माझे सगळ्यात गळके, म्हणून कॅलेंडरवर ते आधीच खुणावून ठेवते आणि त्या दिवसांत जास्तीची ड्यूटी घेत नाही.

नाईट करून स्कूटीवरून पाम बीच रोडने घरी, हे नको. लोकलने या. ठाणे शेवटचं स्टेशन, त्यामुळे झोप लागली तरी कोणी ना कोणी हलवतं. जाताना मात्र सांभाळा. मी नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर समोर लागली म्हणून वाशी लोकलमध्ये बसले आहे, एकदा नाही, बरेचदा, आणि तुर्भ्याला उतरून पनवेलची वाट बघितली आहे. तुर्भ्यानंतर ही लाइन दोन फाट्यांना जाते, एक सानपाड्याहून वाशीकडे, दुसरा जुईनगर-नेरूळकडे. आता डब्यात चढण्याआधी इंडिकेटर मोठ्याने वाचते. बायका बघतात. बघू देत.

ऐरोली ते तुर्भे या टप्प्यात जागा मिळाली तर तो माझा तयारीचा वेळ. फोन बॅगेत, पेन कुठे, टायमरचा सेल, आयकार्ड, गोळी घेतली का. गोळी चालू असताना भूक लागत नाही आणि चार वाजता हात थरथरायला लागतात, म्हणून डबा ड्यूटीवर जाण्याआधीच खायचा, भूक असो नसो. खिशात चिक्की. कॉफी कमी, गोळी आणि तीन कप कॉफी एकत्र झाली की छातीत धडधडतं.

सांगायचं का?

कायद्याने तुम्ही सांगायला बांधील आहात असं समजून घाबरू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३ प्रमाणे तुमच्या मानसिक आजाराची आणि उपचारांची माहिती उपचार करणाऱ्यांनी गोपनीय ठेवायची असते. दुसरीकडे, दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये जे २१ प्रकार आहेत त्यांत एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही, त्यामुळे त्याच्या नुसत्या जोरावर सवलती मिळतील असं धरून चालू नका.

माझा सल्ला: नाव सांगण्याआधी गरज सांगा. मी इनचार्ज मॅडमकडे गेले तेव्हा एडीएचडी शब्द काढलाच नाही.

"मॅडम, सहाच्या औषधांच्या वेळी स्टेशनवरचा फोन माझ्याकडे नको. ब्रदर उचलतील का अर्धा तास? त्यांच्या औषधांच्या वेळी मी उचलते."

"का गं, काय झालं?"

"मध्येच उठले की माझी सही राहते. मागे एकदा झालंय, परत नको."

मॅडमनी होकार दिला, कारण ही मागणी वॉर्डच्या फायद्याची होती. वर्षभराने, विश्वास बसल्यावर, नाव सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "अच्छा, म्हणून ते कागद होय." सगळ्याच इनचार्ज अशा नसतात. आधीच्या एका ठिकाणी मी घाईने सांगितलं होतं, आणि पुढे वॉर्डातली प्रत्येक हरवलेली थर्मामीटर माझ्या नावावर पडायला लागली.

वॉर्ड निवडता येत असेल तर? कॅज्युअल्टीत आपण चमकतो, असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे. धावपळीत डोकं एकदम स्वच्छ होतं. पण कॅज्युअल्टीचीही कागदपत्रं असतात, एमएलसी (पोलिसांना कळवायची केस) असते. आयसीयूत एक किंवा दोन पेशंट आणि तासातासाचा चार्ट, तो चार्टच तुम्हाला धरून ठेवतो, मला तर ते सगळ्यात सोयीचं वाटलं. तीस बेडचा जनरल वॉर्ड सगळ्यात अवघड.

चूक झालीच तर

होणार. आधी पेशंट बघा, व्हायटल्स घ्या. मग डॉक्टरांना लगेच सांगा: काय दिलं, किती, केव्हा. मग इनचार्ज. मग इन्सिडेंट फॉर्म, जे घडलं तेवढंच, 'घाईमुळे', 'त्या सिस्टरमुळे' असं काही न लिहिता. रडायचं असेल तर त्यानंतर, चेंजिंग रूममध्ये. आपल्याला बोलणी जास्त लागतात, डॉक्टर वैतागून एक वाक्य बोलले तर आपण ते तीन दिवस चघळतो. पण लपवलेली चूक त्याहून कितीतरी जास्त काळ चघळावी लागते. घरी आल्यावर एकच प्रश्न लिहून काढा: कोणती पायरी गाळली? 'मी अशीच आहे' हे उत्तर चालणार नाही. 'ट्रेमध्ये दोन पेशंटची औषधं एकत्र होती' हे चालेल.

निघताना

ओव्हर देऊन झाली, बॅग खांद्यावर आली की आपण मनाने कधीच स्टेशनला पोचलेलो असतो. तिथेच थांबा आणि खिसे उलटे करा. अक्षरशः, टेबलावर. माझ्या खिशातून आतापर्यंत निघालेल्या गोष्टी: कात्री, सलाइनच्या नळीचे दोन थ्री-वे, पेशंटच्या मुलीचा चष्मा, कोणाची तरी अॅडमिशनची पावती, आणि ड्रग कपाटाची किल्ली. किल्ली मी तुर्भ्यापर्यंत नेली होती. तिथून परत गेले, नाईटची सिस्टर दारात उभी होती, काही बोलली नाही, नुसता हात पुढे केला.

आता त्या किल्लीला हातभर लांबीचं लाकडी स्प्लिंट बांधलंय. खिशात मावत नाही.